भात्यात वारा आहे तोवर

इंग्लंडच्या मध्यभागी वॉल्सल नावाचे गाव आहे. खोगिरे, लगाम आणि एकूणच चामड्याच्या कामासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. १९२५ च्या जानेवारीत या गावातल्या ‘पिक्चर हाउस’ चित्रपटगृहात एक नवे वाद्य पहिल्यांदा वाजले. ते घडले अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाच्या कारखान्यात. तिथे ते सुटे केले, खोक्यांत भरले, जहाजावर चढवले. अटलांटिक ओलांडून आल्यावर वॉल्सलमध्ये पुन्हा जोडले. मूकपटांना साथ करणारा, ब्रिटनमध्ये लोकांसाठी खुला झालेला वुर्लिट्झर कंपनीचा हा पहिला थिएटर ऑर्गन. लंडनच्या एखाद्या झगमगत्या नाट्यगृहाला हा मान मिळाला नाही. तो मिळाला हाताने काम करणाऱ्या माणसांच्या गावाला, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तीस वर्षांत दिवस फिरले. चित्रपटगृहाला वाद्य नकोसे झाले आणि १९५० च्या दशकात ते तिथून हलले. गेले ते डेव्हन परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, बीअर या कोळ्यांच्या गावात, तिथल्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये. पांढऱ्या खडूच्या कड्यांखाली गोट्यांचा किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, एक्सेटरच्या कॅथीड्रलला दगड पुरवणाऱ्या जुन्या खाणी. व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या पोशाखाची लेस याच गावच्या बायकांच्या हातची. काँग्रिगेशनल पंथात प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहते, वरून कोणा बिशपचा हुकूम येत नाही. म्हणजे सिनेमाचा बाजा देवाच्या घरात आणायचा हा निर्णय त्या लहानशा गावातल्या माणसांनी स्वतः घेतला. रविवारी प्रार्थनेची गीते आणि एरवी मैफली, अशी दोन्ही कामे त्या वाद्याने पुढे कित्येक दशके केली.

अशा वाद्यांसाठी मी आज तुमच्याकडे मदत मागायला आले आहे. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात चित्रपटगृहांतून निघालेले पाइप ऑर्गन चर्चमध्ये जाऊन राहिले म्हणून वाचले. आता ती चर्च ओस पडू लागली आहेत. भाविक थकले, मंडळी घटली, इमारती विकायला निघाल्या. वाद्याला दुसऱ्यांदा वाचवायची वेळ आली आहे आणि या वेळी वाचवणारे हात कमी आहेत.

हे वाद्य चर्चमध्ये परके नाही, हे आधी सांगते. कारण ‘तमाशातली पेटी देवळात’ अशा सुरातली नापसंती त्याने तिकडेही पुष्कळ सोसली आहे. खरी हकिगत उलटी आहे. थिएटर ऑर्गनचा जन्मच चर्चमध्ये झाला. रॉबर्ट होप-जोन्स हा १८५९ साली चेशायरमध्ये जन्मलेला माणूस पेशाने टेलिफोन कंपनीतला विद्युत अभियंता. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड आहे. तिथल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये तो हौसेने ऑर्गन वाजवी आणि गायकवृंदाला शिकवी. त्या काळच्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी दांड्या आणि तारा ओढल्या जाऊन पाइपाखालची झडप उघडायची. वाद्य जितके मोठे तितक्या पट्ट्या जड. टेलिफोनच्या तारांत दिवस घालवणाऱ्या होप-जोन्सला वाटले, हे काम वीज का करणार नाही?

१८८० च्या दशकात त्याने त्या चर्चचा ऑर्गन मंडळीतल्या हौशी माणसांना हाताशी धरून नव्याने बांधला. पट्ट्यांखाली विजेचे संपर्क, तिथून निघालेली तारांची जुडी आणि पाइपांपाशी छोटे विद्युतचुंबक. वाजवणारा आणि पाइप यांच्यामध्ये आता फक्त एक केबल उरली. ती लांबवून त्याने वादकाची बैठक चर्चच्या बाहेर, थडग्यांच्या अंगणात नेऊन ठेवली आणि तिथून आतला ऑर्गन वाजवून दाखवला! पुढे १८९६ मध्ये वूस्टरच्या कॅथीड्रलचा मोठा ऑर्गन त्याच्या हातून झाला. १९०३ मध्ये तो अमेरिकेला गेला, एल्मायरा गावात स्वतःचा कारखाना काढला, तो चालेना म्हणून १९१० मध्ये सगळे पेटंट आणि माणसे घेऊन वुर्लिट्झर कंपनीत आला. कंपनीशी त्याचे पटले नाही. १९१४ मध्ये रॉचेस्टर शहरात त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या कल्पनांवर वुर्लिट्झरने एकूण २,२०० हून अधिक ऑर्गन बांधले, त्यांतले बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर.

होप-जोन्सची एक आठवण वेगळ्याच जागी टिकली. खर्जासाठी त्याने ‘डायफोन’ नावाचा एक प्रचंड आवाजाचा पाइप काढला होता. त्याच तत्त्वावर पुढे कॅनडात समुद्रातल्या धुक्याचे भोंगे बनले. दीपगृहांवरून खलाशांना सावध करणारा तो खोल आवाज मुळात ऑर्गनमधला आहे.

आता वाद्याकडे वळू. ऑर्गनच्या पाइपांची एक रांग म्हणजे एक रँक. एका जातीच्या आवाजाचे, खर्जापासून टिपेपर्यंत चढत्या सुरांचे पाइप त्यात असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्टॉपसाठी, म्हणजे आवाज निवडायच्या प्रत्येक कळीसाठी, स्वतंत्र रँक लागे. होप-जोन्सने एकच रँक वाढवून लांब केली आणि विजेच्या जोडणीने तीच वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या मॅन्युअलवर, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीफळ्यांवर वाजवायची सोय केली. त्यामुळे पाच-सहा रँकचे लहान वाद्यही अख्ख्या वाद्यवृंदाचा भरणा करू शकते. लाकडी, वरचे टोक बंद असलेल्या पाइपांचा ‘टिबिया’ हा त्याचा आत्मा, गोल आणि ओलसर आवाजाचा. शेजारी ‘व्हॉक्स ह्युमाना’, माणसाच्या गळ्याची आठवण देणारा. तंतुवाद्यांचा भास देणारे बारीक धातूचे पाइप, तुतारीच्या जातीचे जिभेचे पाइप. साध्या चर्च ऑर्गनला तीन-चार इंच पाण्याच्या दाबाचा वारा पुरतो; वुर्लिट्झरला दहा इंच आणि त्याहूनही जास्त लागतो. म्हणून त्याचा आवाज अंगावर येतो.

हे सगळे पाइप वेगळ्या खोलीत बंद असतात. तिला चेंबर म्हणतात. चेंबरच्या तोंडाशी जुन्या वाड्यातल्या झिलमिलीच्या खिडकीसारख्या जाड लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. वादकाच्या पायाखालच्या पायटीने त्या उघडतात आणि मिटतात. आवाज जवळ येतो, लांब जातो. वाऱ्याच्या वाटेवर ट्रेम्युलंट नावाची यंत्रणा असते, ती वारा लयीत हलवते आणि सूर थरथरतो. या थरथरीवर चर्चच्या कडक शिस्तीतल्या ऑर्गनवादकांचा राग. मला मात्र तिच्यात गळ्यातल्या आंदोलनाची जवळीक ऐकू येते. गाणाऱ्या माणसांत वाढलेल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते.

शिवाय चेंबरमध्ये खरा ढोल असतो, खऱ्या झांजा, घंटा, झायलोफोन. घोड्यांच्या टापा, आगगाडीची शिटी, दाराची घंटा, मोटारीचा भोंगा. पक्ष्याची किलबिल काढणारी शिटी द्रवात तोंड बुडवून बसवलेली असते. मूकपटाच्या काळात पडद्यावर घोडा धावला की वादकाचे बोट त्या कळीवर जायचे. हे सारे वाऱ्याने आणि चामड्याच्या छोट्या भात्यांनी चालते. या हालचालींत विजेचे काम फक्त निरोप पोचवण्याचे. लहान वाद्यातही असे शेकडो भाते असतात, मोठ्यात हजारो. एकेक हाताने कापलेला, हाताने चिकटवलेला. वॉल्सलच्या चामडे-कारागिरांनी हे वाद्य उघडे पाहिले असेल, तर त्यांना त्यातली निम्मी कारागिरी आपल्याच घरची वाटली असेल.

१९२७ मध्ये न्यू यॉर्कला ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट झळकला आणि मूकपटाचे दिवस भरले. अमेरिकेत चित्रपटगृहांतले वादक भराभर घरी बसले. ब्रिटनमध्ये मात्र ऑर्गनने आणखी एक आयुष्य काढले. दोन चित्रपटांच्या मध्ये रंगीत प्रकाशात न्हालेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे कन्सोल, म्हणजे वादकाची बैठक, जमिनीतून वर यायचे आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममधला रेजिनल्ड डिक्सन, लंडनच्या किलबर्न भागातल्या गोमाँ स्टेटमध्ये १९३७ च्या डिसेंबरात वाजवणारा सिडनी टॉर्च ही त्या काळची घराघरांतली नावे. बीबीसीने १९३६ मध्ये खास प्रक्षेपणासाठी स्वतःचा थिएटर ऑर्गन बसवला. तो युद्धातल्या बाँबहल्ल्यात गेला. मग काळाने दुसरी बाजू दाखवली. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सिनेमाची १६० कोटींहून जास्त तिकिटे खपली होती. १९६० साली तो आकडा ५० कोटींच्या आसपास आला. दूरदर्शन संच घरात आले, थिएटरे पाडली गेली, बिंगोचे अड्डे झाली, वाहनतळ झाली. न्यू यॉर्कचे अवाढव्य रॉक्सी थिएटर १९६० मध्ये पाडले, सॅन फ्रान्सिस्कोचे फॉक्स १९६३ मध्ये.

तेव्हा ऑर्गन विकत घेणारी मुख्य गिऱ्हाइके दोन होती: भंगारवाले आणि चर्च. धातूच्या पाइपांत कथील आणि शिसे असते, भंगारात त्याला भाव मिळतो. चर्चना पाइप ऑर्गन हवा असायचा आणि नव्याचा खर्च झेपत नसायचा. त्यांनी घेतले म्हणून वाद्ये वाचली, हे ऋण मोठे आहे. पण पुष्कळ ठिकाणी ढोल-झांजा काढून टाकल्या, ट्रेम्युलंट तोडला, वाऱ्याचा दाब उतरवला, टिबियाचे तोंड दाबले. वाद्याला पुजारी करायचे म्हणून त्याची जीभ कापली. ज्या थोड्या मंडळ्यांनी तसे केले नाही, वाद्य आले तसे ठेवले, रविवारी त्याला भजन गायला लावले आणि शनिवारी त्याला हसू-नाचू दिले, त्यांच्यापाशी आज इतिहासाचा अस्सल तुकडा शिल्लक आहे.

अशा तुकड्याला धोका कुठून असतो, तेही स्पष्ट सांगायला हवे, कारण तो गाजावाजा करत येत नाही. चामडे चाळीस-पन्नास वर्षांत कोरडे पडते आणि तडकते. एक भाता फाटला की एक सूर मुका होतो. मुके सूर वाढले की वादक तो स्टॉप टाळतो, मग ते मॅन्युअल टाळतो, मग कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो. छपरातून गळणारे पाणी चेंबरमध्ये उतरते. उंदीर चामडे आणि लोकर कुरतडतात. हिवाळ्यात अचानक लावलेल्या कडक उष्णतेने लाकूड फाटते. दहा वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘बंदच आहे तो.’ आणि इमारत विकायची वेळ आली की खरेदीदाराला रिकामी जागा हवी असते, तीही ठरल्या तारखेला. तोवर मंडळीत पाच-सहा वृद्ध माणसे उरलेली असतात. वाद्याची किंमत त्यांना ठाऊक असते, पण फोन कोणाला करायचा ते ठाऊक नसते. एखादा हौशी येऊन फक्त टिबियाचे पाइप घेऊन जातो, दुसरा कन्सोल शोभेला नेतो, उरलेले कचऱ्याच्या डब्यात. या सुट्या विक्रीइतका घात दुसरा नाही. एकेक भाग वाचतो आणि वाद्य मरते.

आणि तरीही अशी वाद्ये वाचवता येतात, पुराव्यानिशी सांगते. लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात १९३० साली ट्रोकाडेरो चित्रपटगृह उघडले, त्यात वुर्लिट्झरने ब्रिटनला पाठवलेला सर्वांत मोठा ऑर्गन होता, चार मॅन्युअल आणि २१ रँकचा. थिएटर १९६३ मध्ये पाडले. पण सिनेमा ऑर्गन सोसायटी या १९५२ मध्ये स्थापन झालेल्या रसिकांच्या संस्थेने वाद्य सोडवले, काही दशके ते एका पॉलिटेक्निकच्या सभागृहात वाजले, तिथूनही उठावे लागल्यावर वर्षानुवर्षे खपून त्यांनी ते पूर्व लंडनच्या ट्रॉक्सी प्रेक्षागृहात बसवले. मँचेस्टरच्या पॅरामाउंट चित्रपटगृहातला १९३० चा वुर्लिट्झर आधी तिथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये गेला, मग स्टॉकपोर्टच्या टाउन हॉलमध्ये. थिएटर ऑर्गनवादक रेजिनल्ड फूर्टने गावोगावच्या दौऱ्यांसाठी ऑर्गन बांधणाऱ्या मोलर कंपनीकडून तीस टनांचा, पाच मॅन्युअलचा ऑर्गन करवून घेतला होता; लॉऱ्यांतून फिरणारे ते धूड पुढे हॉलंडमध्ये आणि शेवटी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या सभागृहात पोचले. तीस टन हलवता येतात, तर गावातल्या चर्चमधले दोन मॅन्युअलचे वाद्य हलवता येणार नाही असे मला कोणी सांगू नये. यांतली पुष्कळ कामे शनिवार-रविवारी डबा घेऊन येणाऱ्या निवृत्त तंत्रज्ञांनी, सुतारांनी, शिक्षकांनी केली आहेत.

‘आता संगणकावर हुबेहूब आवाज येतो, मग हा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. तो हुबेहूब आवाज जिवंत ऑर्गनच्या एकेका पाइपाचे ध्वनिमुद्रण करूनच घेतलेला असतो. मूळ गेले की नक्कल कशाशी ताडून पाहायची? शिवाय सोळा फुटी खर्जाचा सूर लागतो तेव्हा बाकाचे लाकूड थरथरते, छातीत हवा हलते. ध्वनिवर्धकाने ऐकवलेला सूर आणि खोलीतल्या हवेत जन्मलेला सूर यांतला फरक, समोर बसून तंबोरा ऐकलेल्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि मराठी माणसाने यात का पडावे? कारण आपण हेच गमावून बसलो आहोत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. त्या मूकपटांच्या काळात पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणारी माणसे होती. १९३१ मध्ये मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि ती माणसे उठून गेली. काय वाजवत होती, कोणत्या प्रसंगाला कोणता राग, कोणती लय, याचे ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. इंग्लंड-अमेरिकेत त्या काळाचे वाद्य तरी उरले आहे, त्यावर आजही मूकपटांना साथ होते. आपल्या फाळक्यांचे उरलेसुरले चित्रपट एकदा तरी अशा वाद्याच्या साथीने का दाखवू नयेत?

दुसरा धागा आणखी जवळचा. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे, तबल्याच्या जोडीला असायचा तो ऑर्गन. पाइपांचा नव्हे, धातूच्या स्वरपट्ट्यांचा, पायाने भाता मारायचा. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाची आठवण ऑर्गनशिवाय पुरी होत नाही. गोविंदराव पटवर्धनांनी त्यावर जी साथ केली ती ऐकलेली माणसे आजही त्या भरण्याबद्दल बोलताना थांबतात. त्याच जातीची वाद्ये मिशनच्या चर्चमध्ये भजनांना वाजत होती. म्हणजे चर्च आणि रंगमंच यांच्यामधली ऑर्गनची ये-जा आपल्या अंगणातही झाली आहे. आपले किती पायऑर्गन आज माळ्यावर, नाट्यगृहाच्या अडगळीत, बंद पडलेल्या शाळेच्या सभागृहात भाता फाटून पडले आहेत! ज्याने एका जातीच्या वाद्याची अशी दशा पाहिली आहे, त्याला दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल परकेपणा वाटू नये.

म्हणून आता थेट मागणे मागते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनो, पहिले काम ऐकण्याचे. उन्हाळ्यात थिएटर ऑर्गनच्या मैफली होतात. तिकीट स्वस्त असते आणि प्रेक्षागृहात केस पिकलेल्यांमध्ये तुम्ही आणि तुमची मुले उठून दिसाल. दिसू द्या. आयोजकांना त्याचेच बळ हवे आहे. मैफल संपल्यावर चेंबर दाखवा म्हणा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. दहा वर्षांच्या मुलाला एकदा ढोलाला टोला मारणारा चामडी भाता दाखवा आणि मग बघा. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या, दिवाळीच्या कार्यक्रमासाठी सभागृह भाड्याने घ्यायचेच असते. ज्या सभागृहात असा ऑर्गन आहे ते शोधून घ्या आणि भाड्याचा पैसा त्या छपराला लागू द्या. वादकाला आधी चार नाट्यपदांच्या सुरावटी पाठवा. टिबियावर भूपाची एक बंदिश कशी लागते ते ऐकायची माझी फार इच्छा आहे.

दुसरे काम लक्ष ठेवण्याचे. तुमच्या गावातले चर्च बंद होणार अशी पाटी लागली, तर आत ऑर्गन आहे का, कुठून आला, हे विचारा. नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टरमध्ये देशभरातल्या ऑर्गनांची नोंद सर्वांना मोफत पाहता येते. तिथे नाव शोधा. चर्च ऑफ इंग्लंडचे असेल, तर ऑर्गन हलवायला ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते आणि तिची जाहीर सूचना २८ दिवस लावून ठेवतात. त्या मुदतीत तुम्ही पत्र लिहू शकता. स्वतंत्र पंथाच्या चर्चमध्ये बाहेरचा अंकुश कमी, म्हणून तिथे जास्त घाई करायला हवी. मंडळीच्या चिटणिसाला भेटा, तक्रार करायला नव्हे, मदत द्यायला. ‘वाद्य फोडू नका, एकसंध ठेवा, आम्ही नवी जागा शोधायला मदत करतो’ एवढे वाक्य वेळेवर बोलले गेले, तर पुष्कळ काही थांबते. आणि त्याच दिवशी सिनेमा ऑर्गन सोसायटीला कळवा. हलवायच्या आधी प्रत्येक पाइप, प्रत्येक जोडणी छायाचित्रांत उतरवून घ्या, आवाज मुद्रित करा. पुढे ज्याला वाद्य जोडायचे आहे त्याचा वर्षाचा वेळ वाचेल.

तिसरे, हातांचे काम. आपल्यात विद्युत अभियंते किती, संगणकवाले किती! जुन्या रिलेच्या जागी नवी इलेक्ट्रॉनिक जोडणी करणे, जुनी मूळ जोडणी जपून नवे सर्किट बसवणे, हे तुमच्या रोजच्या कामाच्या जवळचे आहे. सुतारकाम, शिवणकाम, चामडे कापणे येत असेल तर तुम्ही सोन्याचे आहात. काहीच येत नसेल तरी मऊ ब्रशाने पाइपांवरची धूळ काढायला माणूस लागतोच. हे काम येणारी पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांच्या शेजारी बसून शिकायला हवे, आणि ते आत्ताच.

चौथे, पैसा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देणगी देताना गिफ्ट एडचा अर्ज भरलात, तर तुमच्या प्रत्येक पाउंडावर सरकार २५ पेन्स घालते. दरमहा पाच पाउंड देणारी पन्नास माणसे एखाद्या लहान वाद्याच्या चामड्याची सोय लावू शकतात. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अशी बांधिलकी संस्थांना जास्त आधार देते.

अमेरिकेतल्या मंडळींनाही हेच. अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी १९५५ पासून हे काम करते, तिच्या शाखा तुमच्या शहराजवळ असतील. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पालो आल्टोमध्ये स्टॅनफर्ड थिएटरात आजही जुन्या चित्रपटांबरोबर वुर्लिट्झर वाजतो. तिथे राहून तो न ऐकणे म्हणजे पुण्यात राहून सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपाबाहेरून परत जाणे.

आणि इथे, महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मुंबई-पुण्यातल्या जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहेत. त्यांतले काही वाजतात, काही गप्प आहेत. नाताळात दिवे बघायला तुम्ही जाताच. या वर्षी फादरांना ऑर्गनबद्दल विचारा. कोणी वाजवते का, दुरुस्ती कधी झाली, भात्याची दशा काय. बाहेरची माणसे विचारू लागली की आतल्या माणसांनाही ते वाद्य पुन्हा दिसू लागते. घरात, संस्थेत, नाट्यगृहात पायऑर्गन पडून असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका, शोभेचे टेबल करू नका. त्याची मागची फळी स्क्रू काढून उघडा, आत निर्मात्याचे नाव आणि क्रमांक असला तर टिपून ठेवा, भाता शिवून देणारा पेटी-कारागीर शोधा. तो सापडतो, पेटी दुरुस्त करणारी दुकाने अजून आपल्या शहरांत आहेत आणि त्यांना असे काम मिळाले तर ते आनंदाने करतात.

बर्कनहेडच्या चर्चमध्ये हौशी माणसांनी एकत्र येऊन ज्याची सुरुवात केली, बीअरसारख्या गावांनी ज्याला आसरा दिला, त्याचे पुढचे काम आता आपल्याकडे आले आहे. या आठवड्यात एका तरी ऑर्गनचा पत्ता शोधा, तिथे एक पत्र किंवा फोन करा, पुढची मैफल कधी ते विचारा आणि दोन तिकिटे काढा, एक तुमचे आणि एक घरातल्या सर्वांत लहान माणसाचे.